पिस्तूल नणंदबाईंना, मॅगझिनच्या अटीसह

मी, वर्ना ओबर्ट टोलेफ्सन, वय अठ्ठ्याहत्तर, शाळेची बस चालवून निवृत्त, राहणार एल्क कूली, विस्कॉन्सिन, पूर्ण शुद्धीवर व स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. मंगळवारी ला क्रॉसच्या इस्पितळात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. काळजीचं कारण नाही असं डॉक्टर म्हणाले, पण म्हणताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणून लिहायला बसले. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. नणंद आर्डिस समोर बसून माझीच कॉफी पीत मान लांब करून वाचते आहे, तो दबाव धरू नये.

कलम १. घर व बँकेतली शिल्लक माझी मुलगी शेरिल हिला. स्वयंपाकघरातलं टेबल तिने हलवू नये. कारण कलम ४ मध्ये येईल.

कलम २. अंगणातला बर्फ उडवायचं यंत्र चर्चला. शेजारच्या लॉइड स्कारचा त्यावर फार दिवस डोळा आहे. वकीलबाईंनी फोनवर बजावलं आहे, की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही ठेवलं तर त्याचं तेवढं देणं रद्द होतं. लॉइड साक्षीदार आहे. म्हणूनच त्याला साक्षीदार केलं आहे.

कलम ३. माझं बावीस बोअरचं पिस्तूल. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा ओबर्टनं दिलं. इतर बायकांना हिरे मिळाले, पण त्यांनी हिऱ्याने कधी नेमबाजीतली लोखंडी थाळी पाडली आहे का? शेरिल म्हणते, "आई, तुझ्यामागे मी ते पोलिसांना वितळवायला देईन." माझ्या ओबर्टची आठवण भट्टीत गेलेली मला सहन होणार नाही. म्हणून ते त्याच्या धाकट्या बहिणीला, आर्डिस क्वामे हिला. आमच्या नेमबाजीच्या क्लबात तिच्याइतका स्थिर हात कोणाचा नाही, हे मी मेल्यावर वाचलं जाईल म्हणून लिहिते.

अट पहिली: यात कंपनीचंच मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची डबी, घालायचं. बावीसच्या गोळीला बुडाशी काठ असतो. मॅगझिनमध्ये वरच्या गोळीचा काठ खालचीच्या काठामागे गेला, की अडकलंच म्हणून समजा. डबीचे ओठ आणि स्प्रिंग नेमकी हवीत. आमच्या बाईसाहेब मात्र कुठल्याशा दुकानाच्या सवलतीतून पिशवीभर डुप्लिकेट आणतात, आणि वर मलाच सांगतात, "डबीच तर आहे वहिनी, त्यात काय एवढं?"

काय एवढं, ते ऐका. गेल्या ऑक्टोबरात क्लबात हॅमची स्पर्धा होती, जिंकेल त्याला डुकराची अख्खी खारवलेली मांडी. माझं मॅगझिन चिखलात पडलं, आणि आर्डिसने मोठ्या मनाने आपलं माझ्या हातात कोंबलं. एक थाळी उरली होती. चाप ओढला, तर नुसतं टक्. हॅम लॉइडने नेला. दुसऱ्या दिवशी त्याच हॅमचं सँडविच, मोहरी लावून, माझ्या दारात घेऊन आला मेला. चव चांगली होती, त्याचाच जास्त राग आला.

अट दुसरी: माझ्या दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होईल, तेव्हा आर्डिसने उभं राहून सर्वांदेखत म्हणायचं, "मॅगझिन वाईट होतं, वहिनीचा अंगठा निर्दोष होता."

हे ती आत्ताच वाचून ओरडली आहे. "अंगठा निर्दोष? अगं वहिनी, भरताना तू बाजूचं बटण पार तळापर्यंत ओढतेस! गोळ्या आत कशाही लोळतात. मॅगझिन काय करणार बिचारं?"

"चाळीस पोरांची बस उतारावरून नेली मी. मला गोळ्या भरता येत नाहीत होय?"

"बसला बटण नव्हतं!"

कलम ४. आर्डिसचं सदर मॅगझिन स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या आखूड पायाखाली आहे. तिथे ते आजवर अडकलेलं नाही. ते शवपेटीत ठेवू नये, निदान तिथे तरी मला शांतता हवी.

कलम ५. (नंतर लिहिलेलं.) लॉइड व त्याची बायको मर्ना साक्षीला आले. मर्ना चष्मा शोधत होती, तेवढ्यात आर्डिसने माझ्या हातातलं पेन ओढून तिच्या जागी सही ठोकली, तीही शाईने.

"अगं वेडे, साक्षीदाराला काही मिळत नाही!" मी म्हणाले. "तुझं पिस्तूल गेलं!"

"माहीत आहे. कलम दोन वाचलं मी." तिचं नाक लाल झालं होतं. "नकोय मला ते. भाऊ गेला, आता तूही सामान वाटत सुटलीस. मी शनिवारी क्लबात कोणाशी भांडू? लॉइडशी?"

लॉइड कॉफीच्या कपात बघत राहिला. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

नवा कागद घेऊन सगळं पुन्हा लिहिता आलं असतं. लिहिणार नाही. आता पिस्तूल कायद्याने शेरिलकडे, म्हणजे भट्टीत. त्यावर उपाय एकच, मी मंगळवारी मरायचं नाही. डॉक्टरांना तशी सूचना द्यावी. एप्रिलात क्लब उघडेल तेव्हा आर्डिसने मला गाडीतून न्यावं. गोळ्या मी भरीन.

हे सर्व मी वाचून, समजून सही करत आहे.

वर्ना टोलेफ्सन
एल्क कूली, रविवार, २ मार्च २०२५

साक्षीदार:
१. लॉइड स्कार, शेजारी
२. आर्डिस क्वामे, नणंद. मॅगझिन चांगलं होतं. गोळ्या मी भरीन.