कुमारचं नाव, अस्मिताचं रक्त

१२ जानेवारी, येरमाळा
घरी आलो! पुण्याच्या डॉक्टरांनी लेकीच्या पेशी माझ्या अंगात रुजल्याचं सांगितलं आणि सोडलं. रक्ताचा कॅन्सर झालेला मी — अस्मितामुळं पुन्हा गावदेवी येडाईला हात जोडतोय. पण हे मोठ्यानं बोलायचं नाही. गावात सांगितलंय, पेशी धाकट्या भावानं, कुमारनं दिल्या. बायकोचा हट्ट. शामला म्हणते, “बेंबळीचं स्थळ पोरीला बघून गेलंय. तिचं रक्त काढलं असं कळलं तर अशक्त म्हणून मोडतील.”
मी मान डोलावली.

१५ जानेवारी
पारावर कुमारला शाल-नारळ! मी मास्क लावून ओट्यावरून बघत होतो. “दादासाठी एवढं तर करायलाच पाहिजे,” म्हणाला. लबाड! अस्मिता ओढणी तोंडात धरून हसत होती.

२१ जानेवारी
डॉक्टरांचा फोन. या आठवड्याच्या रक्तात दोन प्रथिनं वाढलीत. दिलेल्या पेशी आतड्याला परकं समजून हल्ला करू लागल्या की ती वाढतात म्हणे. पोट दुखत नाही, अंगावर पुरळ नाही — तरीही धोका! “त्रास व्हायची वाट बघू नका, उद्याच या.”
येडाईचा अंगारा लावला. भीती वाटली, नवलही वाटलं. दुखायच्या आधी दुखणं कळतं!

२२ जानेवारी
शामला शेजारी बोलली असणार. निघताना दारात माणसं. कुणीतरी म्हणालं, “कुमार, तुझंच रक्त उलटलं की रं दादावर!”
कुमार पांढराफटक. “माझं न्हाय! पोरीचं हाय ते!”
शामलानं कपाळाला हात लावला. अस्मिता पिशवी घेऊन पुढं आली — “व्हय, माझंच. माझ्यावर गेलंय म्हणून भांडतंय. चला अण्णा, गाडीत बसा.”
एवढ्या काळजीतही ऊर भरून आला.

२ फेब्रुवारी, पुणे
मधे पोट बिघडलंच. पण औषध आधीच चालू होतं, म्हणून निभावलं. आज प्रथिनं उतरली! अस्मिताला सांगितलं तर म्हणाली, “माझ्या पेशी दमल्या असतील भांडून.” बेंबळीहून मात्र फोन नाही.

९ फेब्रुवारी, येरमाळा
बेंबळीचा मुलगा, सिद्धेश्वर, एकटाच आला. “खरं काय ते कळलं. मला चालतंय. फक्त आमच्या आईला सांगा, पेशी काकांनीच दिल्या.”
शामलाचा चेहरा उजळला.
अस्मितानं त्याच्या हातात चहा दिला आणि विचारलं, “परतीची बस कितीला हाय तुमची?”