तिथे थांबावं लागतं

बाबा, हे गेले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी पहिल्यांदा तुम्हालाच सांगावंसं वाटलं, कारण वाडीत कोणी गेलं की पहिली हाक तुम्हाला यायची. ऑफिसला निघालेले असलात तरी शर्टाच्या बाह्या दुमडून मागे फिरायचात. बांबू, सुतळी, मडकं, डॉक्टरचा दाखला, चंदनवाडीच्या स्मशानात कोणाला पुढे पाठवायचं, सगळं तुम्हीच बघायचात. दुपारच्या आत सगळं उरकलेलं असायचं. समोरच्या काकी गेल्या तेव्हा मला त्यांच्या उशाशी बसवलंत. मी शाळेत होते. घाबरून गॅलरीत आले, तर तुम्ही जिन्यातूनच ओरडलात, "उठलीस कशाला? माणसाला एकटं ठेवायचं नसतं. जा, बस." मी जाऊन बसले. काकींच्या नाकात कापूस आहे आणि खालच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देतोय, हे अजून तसंच दिसतं, ऐकू येतं.

आमची लेक नॉर्वेत असते, पार उत्तरेकडच्या एका गावात. यंदाच्या हिवाळ्यात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. ह्यांना बर्फाचं भारी कौतुक. सकाळी कानटोपी चढवून, फावडं घेऊन दारासमोरचा बर्फ काढायला जायचे. जावई म्हणायचा, "बाबा, मी करतो ना." तर म्हणायचे, "अरे, गिरगावात कुठे मिळणारे मला हे?" त्या सकाळी बूट घालायला दाराजवळच्या बाकावर बसले ते बसलेच. एक बूट पायात, दुसरा हातात. मी आतून म्हणतेय, "अहो, मफलर राहिला." मग तो घेऊन मीच दाराशी आले.

अँब्युलन्स आली. माणसं हळू आवाजात बोलली, आणि ह्यांना घेऊन गेली. संध्याकाळी मी लेकीला विचारलं, "उद्या किती वाजता?"

"काय किती वाजता?"

"न्यायचं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "आई, इथे लगेच नसतं गं. दोनेक आठवडे लागतात. तारीख मिळेपर्यंत थांबावं लागतं."

"आणि तोवर हे कुठे?"

"हॉस्पिटलमध्ये. खाली, थंड खोलीत. नीट काळजी घेतात ते लोक."

"सोबत कोण?"

त्यावर ती रडायलाच लागली. मग मीच तिला जवळ घेतलं.

कोणी आलं नाही, बाबा. शेजारच्या बाई दारात एक मेणबत्ती ठेवून, बेल न वाजवता गेल्या. लेक-जावई चार दिवसांनी कामावर जायला लागले. त्यांचाही इलाज नव्हता. त्या दिवसांत तिथे सूर्य उगवतच नाही. दुपारी थोडा निळसर उजेड येतो आणि जातो. ह्यांना एकदा बघू दिलं, पुन्हा नाही. मग मी त्या उजेडात बाहेर पडायचे. घसरायची भीती, म्हणून भिंतीला धरून धरून हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला जायचे. तिथे एक बाक होता. त्यावरचा बर्फ झाडून बसायचे आणि ह्यांच्याशी बोलायचे. आज पिठलं केलं, तिकडच्या कांद्याला चवच नाही, असलं काहीबाही. पाय बधिर झाले की उठायचे.

शेवटी तारीख मिळाली. एक स्वच्छ हॉल, पांढरी पेटी, मोजकी माणसं, कुणीतरी व्हायोलिन वाजवलं. आग कुठे दिसलीच नाही. नंतर एक डबा हातात आला, तो इथे आणून नाशिकला रिकामा केला.

आता मी गिरगावात, आपल्याच खोलीत आहे. वाडीतल्या बायका येऊन बसतात. "किती हाल झाले गं तुझे, एवढे दिवस ताटकळत ठेवलं मेल्यांनी!" म्हणतात. मी मान हलवते. त्या गेल्या की पंखा लावून बसते. सकाळ होते, लख्ख ऊन घरभर पसरतं, आणि त्याचं करायचं काय ते मला कळत नाही. लेक फोनवर "ये इकडेच" म्हणते. तिकडे जाऊन तरी आता कुणापाशी बसू?

हे कुणाला पाठवायचं नाही, म्हणूनच लिहवतंय. तिकडे वाट बघत असताना मधे एकदा हॉलची तारीख आणखी पुढे गेली. लेक चिडली, फोनवर त्या लोकांशी भांडली. मी तिच्या शेजारी बसून होते. बाबा, मला बरं वाटलं होतं.