पंचप्रहरींची न सापडलेली पानं

डहाणू,
१८ नोव्हेंबर २०१८

प्रिय जमना,

"पान फाटलं म्हणून माणूस कुठं मरतो, गो?" असं तू मला विचारलं होतंस. आपण दोघी चौथीत होतो आणि मी वाडीतल्या चिकूच्या शेडच्या मागे बसून रडत होते. पंचप्रहरींच्या कॉमिकमधली जलजा काळ्या भिंतीखाली अडकली होती, आणि पुढची पानं कुठल्या तरी चिकूच्या पेटीत बसून दिल्लीला गेली होती.

तू बरी असशील. तुझा भाऊ तुक्या परवा बाजारात भेटला. तुझ्या आईचे, रूपीमावशीचे गुडघे दुखतात, रानशेतहून कुठे हलत नाही म्हणाला. तिला माझा नमस्कार सांग. इथे सगळं ठीक. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. वाडीतली ती शेड मालकाच्या मुलाने पाडली, तिथे आता पर्यटकांसाठी खोल्या आहेत.

पंचप्रहरी तुला आठवतात ना? पेट्यांत अंथरायला मुंबईहून रद्दी यायची, तिच्यात ते हिंदी कॉमिक. बाबा शेडचे मेहताजी, हिशेब त्यांच्याकडे, म्हणून गठ्ठा सुटला की आपल्याला वाचायची परवानगी होती, पण पेट्या भरेपर्यंतच. मग चिकू निवडता निवडता रूपीमावशी हात पुढे करायची. "आणा गो तुमचे राजे, फळ थांबलंय." आपण पान पान करून ते पाच वीर तिच्या हातात द्यायचो. एकाही अंकाचा शेवट आपल्याला कधी मिळाला नाही. शेवट आपणच बनवायचो.

या ऑगस्टमध्ये मी ते सगळे अंक विकत घेतले. सुरतेचा एक माणूस जुने कॉमिक विकतो, त्याच्याकडून मागवले. एका दिवाळी अंकाला माझ्या लहानपणच्या वाचनावर लेख हवा होता. माझ्या मनात एक गमतीची कबुली होती. 'खेकड्यांचं धरण' ही माझी सगळ्यांत जास्त वाचली जाणारी गोष्ट. तिच्यातले खेकडे मी पंचप्रहरींच्या कुठल्या तरी पानावरून उचलले, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. लहानपणी वाचलेलं नकळत उतरतं, सगळ्यांचंच उतरतं. हसत हसत लिहून टाकू, लोक म्हणतील बाई प्रामाणिक आहे.

पार्सल आलं त्या दुपारी मी जेवायचंही विसरले. आधी हसूच आलं. पाचांतल्या त्या तेजाच्या मुठीतली आग म्हणजे नुसता लाल फराटा. आणि आपली जलजा! आपण तिच्यासाठी भांडायचो, पण ती अंकभर दोन-चार वाक्यं बोलते, त्यातलं निम्मं 'बचाओ'. मग 'काळी भिंत'चा अंक काढला. शेवटची पानं जागेवर होती. तेजा धरणाच्या त्या भिंतीला ठोसा मारतो, भिंत फुटते, लोक टाळ्या वाजवतात. संपलं.

खेकडे कुठेच नव्हते.

मला वाटलं अंक चुकला. पानांचे आकडे पाहिले, बरोबर होते. मग बाकीचे अंक उघडले. सावली गहाण ठेवणारा राक्षस नाही. झाडांना वाट विचारत जाणारी म्हातारी नाही. माझ्या पुस्तकांत हे सगळे आहेत, जमना. ज्यांच्याकडून चोरलं असं मी समजत होते, त्यांच्याकडे ते कधी नव्हतंच.

वर मी 'आपणच बनवायचो' असं लिहिलंय. ते खोडत नाही, तुला दिसू दे. ते खरं नाही. मी रडायचे आणि तू बनवायचीस.

"तेजाला अक्कल नाय. ठोसा मारला तर पाणी खालच्या पाड्यात शिरेल. खेकडे बोलवायचे. आमच्या भाताच्या बांधाला कसे भोक पाडतात, पाणी जातं नि कुणाला कळत पण नाय."

मी विचारलं होतं, "खेकडे जलजाचं ऐकतील?"

"का नाय ऐकणार? तिनं कधी त्यांची आमटी केली काय?"

हे वाक्य माझ्या पुस्तकात जसंच्या तसं छापलेलं आहे. मुलं नेमकी तिथेच हसतात. आता खरं ते लिहिते. कॉमिक हिंदी होतं. हे वाक्य हिंदी नाही, कुठल्याही छापखान्याचं नाही, ते तुझ्या तोंडचं आहे. चौथीतल्या पोरीलाही कळलं असतं. मला इतकी वर्षं कळलं नाही, असं मी म्हणू शकते, पण तू विश्वास ठेवू नकोस. मी कधी त्या बाजूला पाहिलंच नाही, एवढंच. कॉमिककडून घेतलं म्हटलं की कुणाचं काही जात नव्हतं.

आता जानेवारीतलं. तलासरीला अंगणवाडीच्या बायकांचं शिबिर होतं आणि मुलांना गोष्ट कशी सांगावी हे शिकवायला मला बोलावलं होतं. मी 'खेकड्यांचं धरण' सांगायला लागले तेव्हा तू तिसऱ्या बाकावर दिसलीस. चष्मा लागलाय तुला. मी ओळखलं, तरी थांबले नाही. सांगताना आवाज कुठे खाली आणायचा, कुठे थांबायचं, हे मी तुला शिकवत होते. गोष्ट संपल्यावर तुझ्या शेजारच्या संगीताताईंनी विचारलं, "मॅडम, हे तुम्हाला सुचलं कसं?"

मी तुझ्याकडे न बघता म्हणाले, "लहानपणी वाडीत एकटीच फिरायचे, तेव्हा सुचलं."

एकटीच. कॉमिकचं नावसुद्धा लपवलं, आणि तुझ्यासमोर तुलाच पुसून टाकलं. चहाच्या वेळी तू माझ्याजवळ आलीस. मला वाटलं, आता बोलेल. तू म्हणालीस, "ताई, बरी सांगता तुम्ही गोष्ट. आमची पोरं हसतील." आणि कप ठेवून गेलीस. घरी येताना मला तुझाच राग आला होता. ताईऐवजी वैजू म्हणायला काय झालं होतं हिला, असं म्हणत होते मी.

तो दिवाळी अंक बाहेर पडलाय. तुझ्या हाती पडला तर माझा लेख शोधू नकोस. ऑगस्टमध्ये सगळं कळल्यावरही मी त्यात पंचप्रहरींचा उल्लेख केला नाही, तुझाही नाही. चिकूच्या वासावर लिहिलं. छान उतरलाय म्हणून लोकांचे फोन येतात.

मागच्या रविवारी मी अच्छाडला आले होते. नाक्यावर बसमधून उतरले, ट्रकांच्या रांगेपलीकडे तुमच्या पाड्याचा रस्ता दिसत होता. एका गाडीवर चहा घेतला. चहावाल्याने विचारलं, "कोणाकडे जायचंय?" मी म्हटलं, "कोणाकडे नाही." आणि समोरून आलेल्या बसमध्ये चढले. म्हणून हे पत्र.

पुस्तकाची नवी आवृत्ती निघतेय. मी प्रकाशकांना छपाई थांबवायला सांगितलं आहे. गोष्टीवर आधी तुझं नाव आणि खाली माझं, असं मला हवंय, आणि ती कुठून आली हे पहिल्या पानावर लिहायचंय. पण तुला न विचारता तुझं नाव घेतलं तर तेही घेणंच झालं. तू नाही म्हणालीस तर गोष्ट पुस्तकातून काढेन. हे लिहिताना कळतंय की मी तुला पेचात टाकतेय, पोरांची गोष्ट जाईल म्हणून तू हो म्हणावंस असं कुठेतरी मनात आहे. याचीही लाज वाटते. दुसरा कुठला सरळ रस्ता सुचला नाही.

तू काय म्हणशील ते मला ऐकू येतंय. "माझं नाव घालून तुला हलकं व्हायचंय, तू हो. मला कशाला मध्ये घेतेस? माझ्या पोरांना मी रोज सांगतेच की." तू असंच म्हणशील हे धरूनच पत्र टाकतेय.

तरी मागते. तुझं नाव दे, जमना.

तुझ्यासमोर एकदा स्वतःला 'एकटी' म्हणून गेलेली,
वैजू