मिनेकोच्या मानेचे तेवीस कागद

४ नोव्हेंबर
आजपासून कडक शिस्त. सत्तावीसला मानेच्या तपासणीची प्रॅक्टिकल परीक्षा. नर्सिंगच्या वर्गात सगळी विशीतली पोरं, मी एकटा एकावन्नचा. असू दे. दुकान बंद करेपर्यंत पंचवीस वर्षं सोयाबीनचा टोफू केला आहे. पाण्यातून कोपरा न मोडता उचलणारी बोटं आहेत ही. आमच्या शिक्षिका ताकेमुरा बाई म्हणाल्या, हलका हात शिकवून येत नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या नाहीत, पण रोख माझ्यावरच असणार.
सराव बायकोवर. रोज जेवणाआधी मिनेकोची मान, रोज तपासणीचा एक कागद भरायचा. आजचा कागद: नॉर्मल.

६ नोव्हेंबर
मानेच्या दोन्ही बाजूंच्या नाड्या एकदम दाबल्या. मिनेकोला घेरी आली. एका वेळी एकच दाबायची, हे पुस्तकात पान उलटल्यावर लिहिलंय. दोष पुस्तकाचा. ती म्हणाली, परीक्षेआधी विधुर होऊ नका म्हणजे झालं. कागद: नॉर्मल.

९ नोव्हेंबर
घोट गिळताना थायरॉइड वर सरकते का पाहिलं. सरकते. मिनेकोने सातूच्या चहाचे चार घोट घेतले, पाचवा नको म्हणाली. डावीकडे, गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या जरा वर, बोटाला काहीतरी लागलं. कोरड्या सोयाबीनएवढं. पंचवीस वर्षांची सवय, बोटांना सगळीकडे सोयाबीनच लागणार! कागद: नॉर्मल.

१३ नोव्हेंबर
अजून आहे. स्नायू असावा. दुकानात सोयाबीनच्या गोण्या तिनेही उचलल्यात. दुखतं का विचारलं, नाही म्हणाली. दुखत नाही म्हणजे चांगलंच. पुस्तकात नेमकं उलट लिहिलंय, पण पुस्तक जुनं आहे.

१८ नोव्हेंबर
मिनेकोचा स्कर्ट सैल झालाय. अर्धा वाडगा भात उरतो. हल्ली स्वयंपाक मी करतो, त्यामुळे असेल. उद्यापासून सूपमध्ये खारट मिसो कमी घालायचा.
परीक्षा झाली की डॉक्टरकडे नेतो. आत्ता नेलं तर ती उगाच घाबरेल, माझा सरावही बुडेल.

२२ नोव्हेंबर
भिजवलेल्या सोयाबीनएवढी. हलत नाही. बोट बदलून पाहिलं, खोली बदलून पाहिली. मिनेको पर्सिमनची फळं सोलत होती. म्हणाली, तिथे फार वेळ लागतो तुम्हाला. म्हटलं, तिथे मार्क जास्त आहेत. तिने पुढचं फळ घेतलं. कागद: नॉर्मल. अक्षर जरा बिघडलं.

२७ नोव्हेंबर, दुपार
परीक्षेत हाताला लागेल ते मोठ्याने बोलायचं, बाई यादीवर खुणा करतात. रुग्ण म्हणून वर्गातली रिओ. फर्डं चाललं होतं, सगळं तोंडपाठ. डावीकडच्या हाडापाशी आलो आणि तोंडातून निघून गेलं: गाठ, भिजवलेल्या सोयाबीनएवढी, कडक, हलत नाही, दुखत नाही.
रिओ पांढरीफटक. बाईंनी स्वतः तिची मान चाचपली. काही नव्हतं. तिला बाहेर पाठवलं आणि हळूच विचारलं, "सेगावा सान, ही मान कुणाची?"
म्हटलं, गोंधळ झाला. नापास.

संध्याकाळ
मिनेकोला सांगितलं, नापास झालो. कशावरून ते सांगताना रडू आलं. तिने चहा ओतला.
"तुमचं बोट तिथे अडखळलं ना, त्याच दिवशी कळलं मला," म्हणाली. "म्हटलं, होऊ दे यांची परीक्षा."
ती माझ्यासाठी थांबली होती. मीही माझ्यासाठीच.

१ डिसेंबर
मोठं हॉस्पिटल. डॉक्टरांचं बोट एकदाच फिरलं आणि तिथेच थांबलं. गाठीचा तुकडा काढायचा, या जागी गाठ आली की मूळ पोटात असू शकतं म्हणून पोटाची तपासणी आजच करायची, म्हणाले. कधीपासून आहे विचारलं. मी तोंड उघडलं, पण मिनेको आधीच बोलून गेली होती.
"परवाच लागली यांच्या हाताला. नर्सिंग शिकतात ना हे."
डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, बोटं चांगली आहेत तुमची.
मांडीवर माझी शाळेची पिशवी होती. तिच्यात तेवीस कागद, सगळ्यांवर माझ्याच अक्षरात नॉर्मल.