कात्री काढा

एवढं सगळं माझ्यामुळे झालं आणि कोर्टातून निघाल्यावर तुम्ही मलाच चहा पाजला, वकीलसाहेब, हे मला अजून पचत नाही. शिव्या द्यायच्या होत्या. बिडीच्या कारखान्यात आम्ही त्याच खाऊन मोठ्या झालो. मालकाचा ठेकेदार, तो सट्टेदार, आमच्या चांगल्या बिड्या खराब म्हणून बाजूला काढायचा अन् त्याच विकायचा. गोंदियाच्या बाजारात तुम्ही ओट्यावर चढून बोललात, "बाईहो, उद्यापासून कात्री काढून ठेवा. पानं कापू नका." काम बंद ठेवा, एवढंच. पोलिसाच्या कागदात उतरलं, "कात्री काढा." म्हणजे वकिलानं बायका कात्र्या घेऊन मालकावर सोडल्या! तुमच्या वकिलीच्या सनदेवर भंडाऱ्याला चौकशी लागली, अन् साक्षीला मी.

सरकारी वकील विचारतो, "कात्री काढा म्हणाले की नाही?" मी म्हणते, "हो, म्हणाले." पुढचं 'ठेवा' गिळलं. तुमची पाळी येते. तुम्ही उठता, माझ्याकडे पाहता अन् म्हणता, "या बाईला काही विचारायचं नाही." मग चौकशीचा साहेब म्हणतो, मजुरांसमोर पुन्हा बोलणार नाही असं लिहून द्या, सनद राहील. तुम्ही म्हणालात, "सनद तुमची, तोंड माझं. तुमचं तुम्ही घ्या." असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

बाहेर चहाच्या दुकानात मी रडत बसली. "पी ना बाई, थंडा होऊन राहिला." मी म्हटलं, "तुमाले राग नाही येत?" "येऊन राहिला ना. पहिले चहा."

सनद गेल्यावर लोकांचे अर्ज लिहून तुम्ही घर चालवलं, अन् सांजच्याला ओसरीत आम्हा बायांना अक्षरं शिकवली. "ठ नीट काढ," तुम्ही मला म्हणायचे, "तो तू गिळतेस." सगळ्या हसायच्या. मीही हसायची, दुसरं काय करणार?

येत्या पोळ्याला तुम्हाला जाऊन बारा वर्षं होतील. लोकांना मी सांगते, कोर्ट पहिल्यांदा पाहिलं म्हणून घाबरली. खोटं आहे. सट्टेदारानं मला पानं वाटायचं बसल्या जागचं सोपं काम कबूल केलं होतं. ते मी घेतलं, अजून करते. हे तुम्हाला त्या दिवशीच ठाऊक होतं का? अन् ठाऊक होतं तर मला एक प्रश्न काऊन नाही विचारला? हा कागद कुठल्या डाकेत टाकू, मला समजत नाही. पण पोळ्याच्या दिवसापर्यंत मला उत्तर पाहिजे.