बाबांना सापडलेली राणी

प्रिय हीदर,

फोनवर तू नेहमी घाईत असतेस आणि हे घाईत सांगण्यासारखं नाही, म्हणून चहाची किटली भरून घेऊन लिहायला बसले आहे. बातमी अशी, की तुझे बाबा सध्या गावात मिरवतात. हसू नकोस. कोपऱ्यावरच्या पबात परवा त्यांना बिअरचे पैसे देऊ दिले नाहीत कुणी.

तुला ते खुर्चीतले बाबाच आठवत असणार. जन्मभर घरं रंगवली आणि नजर पुरती गेल्यावर निळा कुठला, हिरवा कुठला तेही उरलं नाही. मला म्हणाले होते, "मॉरीन, मी आता घरातलं एक सामान. अधूनमधून धूळ झटकत जा."

वसंतात शेजारचा डेरेक आला, नवा गुडघा घेऊन आणि जमिनीतला धातू हुडकायचं त्याचं यंत्र घेऊन. "मला वाकता येत नाही, तुला दिसत नाही. दोघांचा मिळून एक धड माणूस होईल, चल." बाबा म्हणाले, "गेलास उडत." डेरेक कसला ऐकतोय! त्यांच्या कानांवर हेडफोन चढवून त्याने मागच्या अंगणात गवतावर एक चमचा टाकला, मग एक खिळा, मग एक नाणं, आणि प्रत्येकावरून यंत्र फिरवलं; प्रत्येकाचा आवाज वेगळा. बाबा खुर्चीत सावरून बसले. "परत टाक," म्हणाले. जेवण निवून गेलं तरी दोघं तेच करत होते.

नगरपालिकेची परवानगी डेरेकने काढली आणि आम्ही थॉर्नली पार्कात जायला लागलो. बाबा ऐकायचे, मी खणायची, डेरेक बाकावर बसून हुकूम सोडायचा. लोक टिंगल करायचे. "काय रे ट्रेव्हर, गवताला इस्त्री करतोस?" "हो, तुझी पँट आण, तीही करून देतो," बाबांनी ठोकून दिलं. इतक्या महिन्यांनी त्यांच्या तोंडून असलं काही ऐकलं आणि मी खुरपं तोंडाशी धरून हसू दाबलं. उन्हाळाभर नुसती बाटल्यांची बुचं निघाली. पण ते म्हणायचे, लोखंड कुरकुरतं, पत्रा थापा मारतो. चांदी अजून भेटली नाही, पण भेटली की ओळखेन. दर रविवारी तुझा फोन ठेवला की मात्र पहिला प्रश्न ठरलेला, "हीदरला नीट दिसतं ना?" मी म्हणायची, दिसतं.

ऑक्टोबरात पार्कात धातू हुडकणाऱ्यांच्या क्लबाचा मेळावा झाला. सगळे सपाट मैदानात पांगले. बाबा म्हणाले, मला ईस्टरला उकडलेली अंडी गडगडत सोडतात त्या उतारावर ने. "अंड्यांमागे पोरं गडगडत जातात. गडगडणाऱ्या पोराच्या खिशात काही राहतं का?" तिथे एका जागी ते थबकले. क्लबातल्या एकाने हेडफोन लावून पाहिले आणि म्हणाला, "खिळा आहे हो." डेरेकही म्हणाला, "सोड ना, ट्रेव्हर." बाबा गुडघ्यांवर बसले. "मॉरीन, खण." खणलं. खिळाच निघाला. लोक हसले गं, आणि माझीच कानशिलं तापली. बाबा हलले नाहीत. "अजून खण. त्याच्याखाली कोणीतरी आहे."

होतं. बाटलीतल्या पाण्याने मी माती सोडवली आणि ते गोल, जड काहीतरी त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी अंगठा हळूच फिरवला. "राणी आहे. म्हातारी झालीय. डोक्यावरून ओढणी घेतलीय." डेरेकने चष्मा चढवला आणि ओरडला, "व्हिक्टोरिया! चांदीचं जुनं नाणं, अर्धा क्राउन!" टाळ्या पडल्या. बाबांनी मला हळूच विचारलं, "किती जण बघतायत?" "सगळे," मी म्हटलं. तेव्हा ते उठले, कपडे झटकले, केस हाताने नीट केले आणि ताठ उभे राहिले. हीदर, लग्नाच्या दिवशीही मी या माणसाकडे इतक्या अभिमानाने पाहिलं नव्हतं.

आता ते पार्कात एकटे जातात. सुरुवातीला मी खिडकीत उभी राहायची; हल्ली विसरते. शनिवारी क्लबातले नवखे त्यांच्याकडे कान तयार करायला येतात. मागच्या आठवड्यात एकाला केवढं झापत होते!

हे सगळं आज का लिहिते ते सांगते. गुरुवारी नीलचा फोन आला होता. त्याच्यावर रागावू नकोस, तुझ्या नवऱ्याला एकट्याला हे पेलवेना. डॉक्टरांनी तुझ्या डोळ्यांचं काय सांगितलं ते मला कळलं. बाबांचाच आजार, त्यांच्या आईचाही. तू म्हणालीस म्हणे की आता सगळं संपलं. बाबांना मी काही सांगितलेलं नाही. या घरात मी त्यांच्यापासून लपवलेली ही पहिली गोष्ट, आणि मला ती फार दिवस जमणार नाही. म्हणून तू ये, आणि तूच सांग. ते रडतील, स्वतःला दोष देतील, तेवढं त्यांना करू दे. मग त्यांच्याजवळ बस आणि हवं ते विचार. पोरी, त्या रस्त्याने चालून आलेला माणूस आपल्या घरातच आहे. स्टेशनवर आम्ही दोघं येऊ. पुढे तेच असतील.

वाट पाहणारी, तुझीच
आई