बिस्किटांचा डबा उंचावर ठेवल्याचे परिणाम

तीर्थस्वरूप मामांना भाचीचा वाकून नमस्कार.

फोन हातात असताना हिला पत्र लिहायची ही काय हुक्की आली, असं मामींना वाटेल. पण फोनवर तुम्ही ‘बरं आहे, मामीला देतो’ यापलीकडे जात नाही, आणि मला तर पुष्कळ बोलायचं आहे. तब्येत कशी आहे? छातीवरचे टाके आता खाजत नसतील. मामींकडून कळलं की हृदयाच्या डॉक्टरांनी रोज चालायला बजावलं आहे आणि तुम्ही ‘आयुष्यभर कंडक्टर म्हणून उभा राहिलो, आता मला कोणी उठवू नका’ असं सांगून खुर्चीत ठाण मांडलं आहे. (चालण्याचा विषय मी काढणार नाही. उपदेश केलास तर हे हट्टाने पायसुद्धा हलवणार नाहीत, अशी मामींची तंबी आहे.) तेव्हा घाबरू नका, बातमी आनंदाची आहे. मी नोकरीत कायम झाले! दर वर्षी ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणाऱ्यांनी अखेर बघितलं.

खरं सांगायचं तर माझं काम काय, हे तुमच्याइतकं नेमकं मलाही सांगता येत नाही. लोकांना काय करायला हवं ते ठाऊक असतं, तरी ते करत का नाहीत, हे शोधायचा हिला पगार मिळतो, असं तुम्ही शेजाऱ्यांना सांगता ना, तेच. गोळ्या वेळेवर घेणं, सिगारेट सोडणं, व्यायाम करणं, म्हणजे स्वतःला स्वतःच ताळ्यावर ठेवणं. आम्ही मानसशास्त्र शिकवणारे याला स्वनियमन म्हणतो, मुलांना ते परीक्षेला घालतो आणि त्यावर जाडजूड पुस्तकं लिहितो. सगळ्यांत जाडजूड पुस्तक आमच्या विभागप्रमुखांचं आहे, आणि माझ्या मुलाखतीच्या समितीवर तेच बसणार होते. हे आधी सांगून ठेवते, म्हणजे पुढे माझी पाचावर धारण का बसली ते कळेल.

मोह नजरेआड आणि हाताबाहेर ठेवला की माणूस आपोआप शहाण्यासारखा वागतो, असं आमच्याकडे मानतात. मी म्हटलं, घरच्याच मंडळींवर करून पाहावं. शिक्षकांच्या खोलीतला बिस्किटांचा डबा मी गुपचूप कपाटाच्या डोक्यावर चढवला आणि टेबलावर सफरचंदांचा वाडगा ठेवला. सफरचंदांचं सगळ्यांनी कौतुक केलं. रंगाबद्दल, ताजेपणाबद्दल सगळे भरभरून बोलले आणि खाल्लं एकानेही नाही. पुढे ती सुरकुतली तरी कौतुक चालूच होतं. मग एका दुपारी शेजारच्या वर्गात शिकवताना मला धाडकन आवाज ऐकू आला. धावत जाऊन पाहते तर विभागप्रमुख जमिनीवर आडवे, चाकांची खुर्ची भिंतीपाशी, आणि बाजूला त्यांचं स्वतःचं पुस्तक. उंची कमी पडली म्हणून खुर्चीवर ते ठेवून सर वर चढले होते! डबा त्यांनी छातीशी घट्ट धरला होता. (झाकण उघडलेलं नव्हतं, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं.) डावं मनगट मात्र मोडलं. तशा अवस्थेतही त्यांनी विचारलं की हा डबा वर कोणी ठेवला, आणि मी बावळटासारखं सांगून टाकलं की सर, अभ्यास चालू आहे. त्याच क्षणी मी मनातल्या मनात नोकरीवर पाणी सोडलं.

प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी त्यांना मऊ चेंडू दिला आणि रोज दाबायला सांगितलं. सरांनी तो खणात ठेवला. मामा, ज्या माणसाने सवयी कशा लावाव्यात यावर अख्खं प्रकरण लिहिलं आहे, तो चेंडू दाबेना! बोटं आखडायला लागली. मी अपराधी, त्यामुळे हात धुऊन मागे लागले. चहाचा कप खाली ठेवला की चेंडू हातात घ्यायचा, असं ठरवून दिलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवणंच बंद केलं. आठवणीसाठी दारावर चिठ्ठी लावली, तर तिच्यातली शब्दरचना सुधारून दिली. मी जे जे शिकवते ते सगळं करून पाहिलं आणि सगळं वाया गेलं.

शेवटी सुटका झाली ती आमच्या संख्याशास्त्राच्या मास्तरांमुळे. त्यांचा कोपर संगणकापुढे बसून बसून धरला होता, त्यांनाही असाच चेंडू मिळाला, आणि तोही खणातच पडून होता. दोघांनी एकमेकांची चोरी पकडली आणि मग रोज जेवणाच्या सुट्टीत समोरासमोर बसून चेंडू दाबायला लागले. तोंडाने पेन्शनच्या गप्पा, अधूनमधून विद्यापीठाला शिव्या. एकाने दांडी मारली तर दुसरा खोलीपर्यंत जाऊन दार वाजवायचा. स्वतःसाठी न हलणारी बोटं समोरचा वाट बघतोय म्हणून हलायला लागली. महिन्याभरात सर त्या हाताने डब्याचं झाकण उघडायला लागले. (डबा आता टेबलावरच असतो.)

मुलाखतीत विचारलं, इतक्या वर्षांच्या संशोधनातून काय शिकलात? मी म्हटलं, माणूस एकट्याने फारसा सुधारत नाही, आणि हे मी चुकून शिकले. बाकीचे एकमेकांकडे बघायला लागले. सर एवढे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं, आणि पाण्याचा पेला त्यांनी डाव्या हातानेच घेतला.

निकाल कळल्यावर पहिले तुम्ही आठवलात. घरात अभ्यासाला कोपरा नव्हता, तेव्हा सुट्टीच्या दिवशी तुम्ही मला तुमच्या गाडीतल्या पुढच्या सीटवर बसवायचात आणि अख्ख्या बसला दटावायचात, ‘हळू बोला, पोरगी वाचतेय.’ लोक खरंच हळू बोलायचे. तेवढं शांत वाचनालय मला पुढे कुठल्याही विद्यापीठात मिळालं नाही. मामा, माझं जे काही झालं आहे ते तुमच्यामुळे झालं आहे. समोर असताना हे तोंडातून निघत नाही, म्हणून लिहून टाकलं.

मामींना नमस्कार. प्रकृतीला जपा.

तुमची,
औषध लिहून न देणारी डॉक्टर भाची

ता. क. चालण्याचा विषय काढणार नाही असं म्हटलं होतं, ते तुमच्या चालण्याबद्दल. माझ्याबद्दल बोलायला मामींनी मनाई केलेली नाही. माझी साखर वाढली आहे. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, मी त्यांना चालण्याचे फायदे उलट समजावून सांगितले, आणि तेव्हापासून एकदाही घराबाहेर पडलेले नाही. नवे बूट खोक्यातच आहेत.

ता. क. २ तर मागणं असं की उद्यापासून सकाळचा चहा झाला की मी तुम्हाला फोन करीन. तुम्ही तिथे चाला, मी इथे चालते. बोलायला काही नसलं तरी चालेल, धापा टाकल्या तरी ऐकू येतील. मामा, दवाखान्यात तुम्हाला नळ्या लावलेल्या बघून आले त्या दिवसापासून मला भीती वाटते आहे. तुमच्याशिवाय माझं फार अवघड होईल.

ता. क. ३ मामी म्हणतात, तुम्ही कुठलंही पत्र शेवटापासून वाचायला घेता. तसं असेल तर वरचं काही वाचलं नाहीत तरी चालेल. फक्त फोन उचला, आणि मामींना देऊ नका.